नवे गाणे, जुना साज : व्हिंटेज कव्हर ऐकण्याची सुरुवात कशी करावी

२०१४ साली मेगन ट्रेनर या अमेरिकन गायिकेचे 'ऑल अबाउट दॅट बेस' हे गाणे जगभर वाजत होते. त्याच वर्षी त्या गाण्याची एक वेगळी चित्रफीत यूट्यूबवर आली. तिच्यात तीनच माणसे आहेत : पियानोवर स्कॉट ब्रॅडली, ड्रमवर एक वादक आणि स्वतःहून उंच असा डबल बेस (उभा धरून वाजवायचे खर्जाचे मोठे तंतुवाद्य) अंगाशी टेकवून उभी असलेली केट डेव्हिस. ती डाव्या हाताने तारा दाबते, उजव्या हाताच्या बोटांनी त्या छेडते आणि हे सगळे चालू असताना गातेही. मूळ गाण्यात 'बेस' या शब्दावर श्लेष आहे, कारण त्याचा अर्थ खर्जाचा आवाज असाही होतो आणि अंगाने भरलेली स्त्री हेही त्यातून सुचवले जाते. इथे त्या शब्दाचे वाद्यच गायिकेच्या हातात आल्यामुळे श्लेषाला आणखी एक पदर सुटतो. शब्द तेच, चाल तीच, पण गाणे ऐकताना १९४० च्या दशकातल्या एखाद्या क्लबात बसल्यासारखे वाटते.

आजच्या लोकप्रिय गाण्याला कित्येक दशकांपूर्वीचा साज चढवण्याच्या या प्रकाराला व्हिंटेज कव्हर म्हणतात. त्याचे आजचे सर्वांत ठळक नाव म्हणजे ब्रॅडली यांनी उभा केलेला 'पोस्टमॉडर्न ज्यूकबॉक्स' हा वाद्यवृंद. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आपल्या घरी, एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी सुरुवातीच्या चित्रफिती केल्या. नव्याने ऐकणाऱ्याची अडचण अशी होते की या नावाखाली शेकडो गाणी समोर येतात, त्यांतली पाच-सहा ऐकून गंमत वाटते आणि मग सगळे सारखेच वाटू लागते. तसे होऊ नये म्हणून पुढच्या पायऱ्या आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो : या प्रकारातली मजा फिती लावलेल्या टोप्यांत आणि मोत्यांच्या माळांत नाही, काय बदलले आणि काय तसेच राहिले हे कानाने पकडण्यात आहे.

पहिली पायरी : पाठ असलेले गाणे निवडावे

सुरुवात करताना कव्हर किती गाजले आहे हे पाहू नये. मूळ गाणे आपल्याला किती ठाऊक आहे हे पाहावे. इंग्रजी पॉप फारसे न ऐकणाऱ्या मराठी घरातही टायटॅनिकमधले 'माय हार्ट विल गो ऑन' ठाऊक असते. १९९७ च्या त्या गाण्याची सुरुवातीची बासरी, सेलीन डिऑनचा हळूहळू चढत जाणारा आवाज, शेवटी एकदम वर जाणारी पट्टी हे सगळे आपल्या कानात बसलेले आहे. हेच गाणे मायकल किलगोर या गायकाने ज्यूकबॉक्ससाठी १९५० च्या दशकातल्या जॅकी विल्सन या अमेरिकन गायकाच्या धाटणीने म्हटले आहे. बुडणाऱ्या जहाजाचे गाणे ज्या उसळत्या ठेक्यावर येते, तो ऐकून पहिल्यांदा हसू येते आणि कडवे संपेपर्यंत हसू थांबून पाय हलू लागतो. पाठ असलेल्या गाण्यात काय घडते ते या एका उदाहरणावरून कळेल.

दुसरी पायरी : मूळ गाणे दोनदा ऐकावे

कव्हर लावण्याआधी मूळ गाणे दोनदा ऐकावे. पहिल्यांदा नेहमीसारखे ऐकावे. दुसऱ्यांदा गायकाकडे दुर्लक्ष करून मागे कोणती वाद्ये आहेत, ठोका कुठे पडतो आणि धृपद येताना आवाज कशाने मोठा होतो, एवढेच टिपावे. कंटाळवाणे वाटले तरी हे टाळू नये.

गाणारे स्वतः नेहमी असे करतात असे मात्र नाही. 'नूव्हेल व्हाग' या फ्रेंच चमूने २००४ मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या न्यू वेव्ह या रॉक प्रकारातल्या गाण्यांना बोसा नोव्हा या ब्राझीलच्या संथ, मृदू शैलीचा साज चढवला, तेव्हा त्यांनी मुद्दाम मूळ गाणी ठाऊक नसलेल्या गायिका घेतल्या, म्हणजे नक्कल होण्याची शक्यताच उरू नये. गाणाऱ्याला ती मुभा आहे. ऐकणाऱ्याला तुलनेसाठी मूळ गाणे लागतेच.

तिसरी पायरी : काय बदलले त्याचा हिशेब मांडावा

इथे थोडा कायदा समजून घेतला तर कान लवकर तयार होतो. प्रकाशित झालेले गाणे ठरलेले मानधन देऊन दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रित करण्याची मुभा अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून आहे; त्यासाठी मूळ संगीतकाराने होकार द्यावाच लागतो असे नाही. सध्याचा कायदा गाणाऱ्याच्या शैलीला साजेल इतपत नवी वाद्यरचना करू देतो, मात्र मूळ चाल आणि गाण्याचे मूळ स्वरूप बदलू देत नाही. (चित्रफितीसाठीची परवानगी वेगळी असते.) म्हणजे या प्रकाराचे अंगणच आखून दिलेले आहे : शब्द आणि चाल जवळजवळ जागच्या जागी राहतात, ठेका, लय, वाद्ये, स्वरमेळ (एकत्र वाजणारे सूर, म्हणजे कॉर्ड) आणि गाण्याची ढब बदलते. ऐकताना या पाच गोष्टींची एकेक करून विचारपूस करावी.

एक उदाहरण जवळून पाहू. रेडिओहेड या इंग्लिश बँडचे 'क्रीप' हे गाणे १९९२ चे. त्यात चारच स्वरमेळ पुन्हापुन्हा फिरतात : जी मेजर, बी मेजर, सी मेजर आणि सी मायनर. जी हा सा धरला, तर शेवटच्या दोन मेळांत शुद्ध धैवत खाली उतरून कोमल होतो आणि गाण्यातली सगळी उदासी त्या एका उतारात आहे. मूळ ध्वनिमुद्रणात धृपदाच्या तोंडाशी इलेक्ट्रिक गिटारवर जोरात खरडल्याचा आवाज येतो आणि मग सगळा गोंगाट कोसळतो. २०१५ मध्ये हेली रेनहार्टने ज्यूकबॉक्ससोबत हे गाणे म्हटले, तेव्हा ती गिटार काढून टाकलेली होती. मग धृपदाला चढायचे कशाच्या आधाराने? तिच्या गळ्याच्या. ती जवळजवळ कुजबुजत सुरू करते, मधल्या भागात आवाजाला खरखर आणते आणि शेवटी अशा उंचीवर जाते की जे काम मूळ गाण्यात वाद्यांनी केले, ते इथे एकटा आवाज करतो. धैवताचा तो उतार मात्र तसाच राहतो. ठेका प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून डुलत चालतो. दादरा ऐकलेल्या कानाला तो अनोळखी वाटणार नाही.

या गाण्याला जुना साज इतका चपखल का बसतो, याचे एक कारण त्याच्या श्रेयनामावलीत सापडते. १९७२ च्या 'द एअर दॅट आय ब्रीद' या गाण्याशी असलेल्या साम्यामुळे त्याचे रचनाकार अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांची नावे 'क्रीप'च्या श्रेयात घातली गेली. म्हणजे आपण ज्याला नवे गाणे म्हणतो, त्याचे हाड आधीपासूनच थोडे जुने होते.

चौथी पायरी : दशके ओळखायला शिकावे

चित्रफितींच्या नावात 'विसाच्या दशकातली धाटणी', 'पन्नासची डू-वॉप' असे काहीतरी लिहिलेले असते. ते वाचून मान डोलावण्याऐवजी नाव झाकून दशक ओळखण्याचा खेळ करावा. त्यासाठी फार सिद्धांत लागत नाही, काही खुणा पुरतात.

सर्वांत जुना थर रॅगटाइमचा. पियानोवरचा डावा हात खालचा सूर आणि वरचा मेळ असा 'धुम्-चक् धुम्-चक्' उड्या मारतो आणि उजवा हात त्या ठोक्याला चुकवत मधेमधे बोलतो. स्कॉट जॉप्लिन यांची 'मेपल लीफ रॅग' ही १८९९ ची रचना एकदा ऐकली की हा बाज आयुष्यभर ओळखता येतो. ब्रॅडली यांनी २००९ मध्ये सुरुवात केली ती याच बाजाने, १९८० च्या दशकातली गाणी सलग रॅगटाइममध्ये वाजवून.

१९२० च्या दशकात बँजो, क्लॅरिनेट आणि खर्जासाठी अनेकदा ट्यूबा हे फुंकून वाजवायचे मोठे पितळी वाद्य ऐकू येते. ठेका तुटक, चटपटीत असतो. रॅप गाण्याला हा ठेका चांगला मानवतो. मॅकलमोर आणि रायन लुइस यांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानावरच्या 'थ्रिफ्ट शॉप' या गाण्याला ज्यूकबॉक्सने रॉबिन अ‍ॅडेल अँडरसनच्या आवाजात हाच पोशाख चढवला. आजोबांचे कोट घालण्याविषयीचे गाणे आजोबांच्या काळात नेले, ही निवडच मार्मिक आहे. या दशकाची एक बारकी खूण ध्यानात ठेवावी. मायक्रोफोनने विजेवर ध्वनिमुद्रण १९२५ पासून होऊ लागले. त्याआधी गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून मोठ्याने गावे लागे आणि मंचावर काहीजण हातात भोंगा धरून गात. कानाशी बोलल्यासारखे हळू गाणे, जे पुढे बिंग क्रॉस्बी या अमेरिकन गायकाने लोकप्रिय केले, ते मायक्रोफोनचे अपत्य आहे. त्यामुळे १९२० ची पाटी लावून कुणी कुजबुजत गात असेल, तर दशक थोडे घसरले आहे असे समजावे. म्हणून ते कव्हर वाईट ठरत नाही, पण आपला कान जागा राहतो.

तीस-चाळीसच्या दशकांत स्विंगचे राज्य होते. डबल बेस प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखा चालतो, झांज 'टिंग, टि-टिंग' अशी लंगडत बोलते आणि ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या रांगा एकमेकींना उत्तरे देतात. तीन गायिका एकमेकींना अगदी लागून असलेल्या सुरांत गात असतील, तर तो अँड्र्यूज सिस्टर्स या तीन अमेरिकन बहिणींचा वारसा आहे. इथे मराठी श्रोत्याला एक सवय मोडावी लागते. भजनात आपली टाळी समेवर पडते; या संगीतात ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. एक, *दोन*, तीन, *चार*. पहिल्या मात्रेवर टाळी वाजली की सगळी लय जड होऊन बसते. मला स्वतःला ही सवय लागायला काही आठवडे लागले.

पन्नासच्या दशकातल्या डू-वॉपमध्ये वाद्ये मागे जातात. चार-पाचजण कोपऱ्यावर उभे राहून गातात, एकजण खर्जात निरर्थक अक्षरे म्हणतो आणि पियानो प्रत्येक मात्रेत तीन-तीन टोले देतो. मायली सायरसचे २०१३ चे 'वी कान्ट स्टॉप' हे रात्रभराच्या धिंगाण्याचे गाणे ज्यूकबॉक्सने त्याच वर्षी या सोज्ज्वळ साजात आणले आणि त्या विसंगतीमुळेच ते खूप पसरले. साठच्या दशकातल्या, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत खंजिरीसारखी टॅम्बोरीन ठळक असते आणि डबल बेसची जागा इलेक्ट्रिक बेसने घेतलेली असते. हे वाद्य फेंडर कंपनीने १९५१ मध्ये बाजारात आणले. त्यामुळे 'तीसच्या दशकातली धाटणी' म्हणून इलेक्ट्रिक बेस ऐकू आला, तर हसून पुढे जावे.

पाचवी पायरी : शोध घेताना नावांचा माग काढावा

शोधपेटीत रोमन लिपीत गाण्याचे नाव लिहून पुढे 'व्हिंटेज कव्हर' किंवा 'स्विंग', 'डू-वॉप', 'मोटाउन' असा शैलीचा शब्द टाकावा. मात्र खरा माग गायकांचा आणि वादकांचा असतो. ज्यूकबॉक्समध्ये गायक सतत बदलतात आणि त्यांतले कित्येकजण अमेरिकन आयडॉल या स्पर्धेतून आलेले आहेत. हेली रेनहार्ट आणि केसी अब्राम्स हे दोघेही २०११ च्या पर्वातले. अब्राम्स गाता गाता डबल बेसही वाजवतो. कुणाचा आवाज आवडला, तर त्याने किंवा तिने स्वतंत्रपणे केलेले काम ऐकावे. रॉबिन अ‍ॅडेल अँडरसनच्या स्वतःच्या चित्रफिती याच वळणाच्या आहेत. 'रॉयल्स' हे लॉर्ड या गायिकेचे गाणे पांढऱ्या विदूषकाच्या वेशात, भरदार आवाजात गाणारा पडल्स तर स्वतःचे कार्यक्रम करतो. मूळ गाण्यात चुटक्या आणि ढोलाशिवाय फारसे काही नाही. ते एखाद्या करुण नाट्यगीतासारखे कसे उभे राहते, हे त्याच्याकडून ऐकावे.

सहावी पायरी : चाळणी लावावी

अलीकडे ही पायरी सर्वांत गरजेची झाली आहे. संगणकाने तयार केलेली 'जुनी' कव्हरे आता ढिगाने मिळतात. गेल्या वर्षी मी एका तयार यादीतली डझनभर गाणी रात्री काम करताना ऐकली, एका गायकाचा आवाज फार आवडला, म्हणून नाव शोधू लागलो तर नावच नव्हते. गायक नाही, ढोलकिया नाही, स्टुडिओ नाही. होते फक्त तपकिरी रंगाचे एक चित्र. तेव्हापासून मी तीन गोष्टी तपासतो. वादकांची नावे दिलेली आहेत का? वाजवतानाची सलग चित्रफीत आहे का? आणि तोच गायक इतरत्र कुठे गाताना दिसतो का? तिन्हींची उत्तरे नाही आली, तर मी ते गाणे बंद करतो. कानालाही एक खूण सापडते : अशा गाण्यांत प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाजाला सारखाच कंप असतो आणि श्वास घेण्याच्या जागा कुठेच चुकत नाहीत.

माणसांनी केलेल्या कव्हरांनाही एक कसोटी लावावी. डोळे मिटून गाणे पुन्हा ऐकावे. कपडे, दिवे आणि अभिनय वजा केल्यावर मूळ गाण्यातली एखादी ओळ नव्याने कळते का? कळत असेल, तर ते कव्हर जपून ठेवण्याजोगे. नुसते 'अरे, हे असेही होते' एवढेच वाटले, तर ते एकदा ऐकून सोडून द्यावे. ज्यूकबॉक्सचीही बरीच गाणी मी दुसऱ्या गटात टाकतो.

सातवी पायरी : आधीच्या पिढीकडे जावे

हा खेळ यूट्यूबच्याही आधीचा आहे. 'रिचर्ड चीझ' या टोपणनावाने एक विनोदी गायक २००० पासून कर्कश रॉक गाणी गुळगुळीत हॉटेली थाटात म्हणतो. २००५ मध्ये पॉल अँका या जुन्या पिढीतल्या गायकाने 'रॉक स्विंग्ज' या संग्रहात मुख्यतः ऐंशी-नव्वदच्या दशकांतली रॉक-पॉप गाणी मोठ्या वाद्यवृंदावर म्हटली आणि तीही चेष्टा न करता, म्हणून तो संग्रह आजही ऐकवतो. जर्मनीतले 'द बेसबॉल्स' नवी गाणी एल्विस प्रेस्लीच्या, म्हणजे पन्नासच्या दशकात नेतात. लंडनच्या 'पुपिनी सिस्टर्स' तीन गळ्यांनी चाळीसचे दशक उभे करतात. ब्रायन फेरी या इंग्लिश गायकाने तर २०१२ मध्ये स्वतःचीच जुनी गाणी शब्द काढून टाकून विसाच्या दशकातल्या बँडवर वाजवून घेतली. यांतले एक तरी पूर्ण ऐकावे. माझी शिफारस अँका यांची आहे.

आठवी पायरी : खऱ्या जुन्याची गाठ घ्यावी

कव्हरच्या नावात ज्या दशकाचा उल्लेख आहे, त्या दशकातले एक खरे ध्वनिमुद्रण लगेच ऐकावे. दर कव्हरमागे एक जुने गाणे, एवढा नियम पुरे. मराठी श्रोत्याला या वाटेवर घरचीच शिदोरी आहे. पुणतांब्याला जन्मलेले राम चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र यांनी स्विंगचा ठेका हिंदी चित्रपटात आणला, तेव्हा त्यांच्यासोबत गोव्याच्या हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते, ज्यांना लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेचा विख्यात जॅझ ट्रंपेटवादक) म्हणत. १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी आता पुन्हा ऐकावीत आणि या वेळी भगवानदादांच्या पायांकडे न पाहता मागच्या ट्रंपेटकडे आणि चालत्या खर्जाकडे कान लावावा. माझ्या मावशीला मी एकदा ज्यूकबॉक्सचे एक स्विंग गाणे ऐकवले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, हे तर अण्णा चितळकरांचं वाटतं, फक्त शब्द कळत नाहीत." चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेल्या गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये जे वाजवले, त्यामुळे हा नाद आपल्या कानांत पूर्वीच रुजला आहे.

स्वतः गाऊन पाहायचे असल्यास

काही वाचकांना ऐकून झाल्यावर एखादे हिंदी-मराठी गाणे याच थाटात करून यूट्यूबवर चढवावेसे वाटेल. त्यांनी भारतीय प्रताधिकार कायद्याचे कलम ३१सी आधी वाचावे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाखाली कव्हरचा वैधानिक परवाना मिळतो, पण मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यापासून पाच वर्षे उलटल्याशिवाय नाही, आणि दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन भरावे लागते. शिवाय तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला किंवा मालकाच्या संमतीने पूर्वी झालेला नसलेला बदल शब्दांत वा संगीतात करता येत नाही. अमेरिकेत शैलीप्रमाणे वाद्यरचना बदलण्याची जी मोकळीक आहे, ती इथे तशी नाही. म्हणून आपल्याकडे हा मार्ग अवघड आहे आणि हक्क असलेल्या कंपनीकडून थेट परवानगी घेणेच सुरक्षित ठरते.

घरी सराव करायला अर्थातच परवाना लागत नाही. पाठ असलेले, सरळ ठेक्याचे एक गाणे घ्यावे. फोनवरचा मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिकटिक करणारे साधन) गाण्याच्या निम्म्या वेगावर लावावा आणि त्याची टिकटिक पहिली मात्रा न मानता दुसरी आणि चौथी मानावी. पहिल्या दिवशी दोन ओळींत गोंधळ उडतो आणि टिकटिक नकळत पुन्हा समेवर येऊन बसते. तसे झाले की थांबावे, 'एक' मनात म्हणून 'दोन'ला टिकटिक पकडावी आणि पुन्हा सुरुवात करावी.